कुंपणाबाहेर आलेला हात

खोपोलीहून सावरोली-खारपाडा रस्त्याला लागलं की कारखान्यांची फाटकं सुरू होतात. खालापूर तालुक्यात खास प्रतीचं पोलाद तयार होतं, पत्रे लाटले जातात, त्यांवर जस्ताचा थर चढतो. पाताळगंगेच्या बाजूला रसायनं आणि पॉलिएस्टर. या मोठ्या कारखान्यांच्या आधारानं वाढलेल्या लहान वर्कशॉपमध्ये मात्र दिवसभर एकच काम चालू असतं. तिथली माणसं त्याला ‘लोडिंग-अनलोडिंग’ म्हणतात. ट्रेमधला जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, उचलायचा, सीएनसी मशीनच्या चकमध्ये बसवायचा, दार ओढून बटण दाबायचं, मशीन थांबलं की जॉब काढायचा, हवेचा फवारा मारून धातूच्या चिप उडवायच्या, गेजनं तपासून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा. मग पुढचा जॉब. शिफ्ट संपेपर्यंत हेच.

कारखान्यातल्या रोबोची चर्चा निघाली की माणसासारखा चालणारा, डोकं-चेहरा असलेला पुतळा डोळ्यांपुढे येतो. खरा बदल या लोडिंग-अनलोडिंगपाशी चालू आहे आणि तो घडवणाऱ्या यंत्राला डोकंही नाही, पायही नाहीत. टेबलाला बोल्टनं आवळलेला, सहा सांध्यांचा एक हात. त्याला कोबॉट म्हणतात: माणसाच्या शेजारी, कुंपणाशिवाय काम करू शकणारा रोबो. कर्जत-खालापूरसारख्या औद्योगिक पट्ट्याला ह्यूमनॉइडपेक्षा, म्हणजे माणसाच्या आकाराच्या रोबोपेक्षा, हा साधा हात कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. आणि तो कोणाकडून काम शिकतो, यावर इथल्या कामगारांचं बरंच काही अवलंबून आहे.

यंत्रानं काम बदलणं या भागाला नवं नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या तलावांच्या पाण्यातून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. वाफेच्या इंजिनांच्या जागी विजेच्या मोटारी येऊ लागल्या. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२चं. कामाची रीत बदलणारी ताकद सह्याद्रीच्या पायथ्याच्या या गावांनी शंभर वर्षांपूर्वी बाहेर पाठवली होती. आता तसा एक बदल बाहेरून इथे येतो आहे.

औद्योगिक रोबोची गोष्ट १९६१पासून सुरू होते. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यंत्रहात बसवला गेला. जॉर्ज डेव्हॉल यांनी तो शोधला, जोसेफ एंगलबर्गर यांनी तो विकायची कंपनी उभी केली. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं हे त्याचं काम. वजन सुमारे १८०० किलो. माणसाला भाजेल, दमवेल असं काम यंत्राकडे गेलं, यात चांगलंच होतं. पण हे यंत्र आंधळं होतं. शिकवलेल्या वाटेवरून ते पूर्ण जोरानं फिरे. त्या वाटेवर पत्रा आहे की माणूस, हे कळायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात सुटे भाग आणायला रॅकवर चढलेल्या कामगाराला यंत्रहाताचा फटका बसून त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडे २०१५ साली हरियाणातल्या मानेसरला वेल्डिंग करणाऱ्या रोबोजवळचा पत्रा नीट करायला गेलेल्या तरुण कामगाराचा जीव गेला.

म्हणून रोबोभोवती जाळीचं कुंपण आलं. दाराला असं कुलूप बसवतात की दार उघडताच रोबो थांबतो. मोटारींचे सांगाडे वेल्ड करणाऱ्या मोठ्या कारखान्याला हे परवडतं, कारण तिथे एकच काम वर्षानुवर्षं चालतं. लहान वर्कशॉपला परवडत नाही. कुंपणाला जागा लागते, आणि आज पन्नास नगांची ऑर्डर, उद्या दुसऱ्याच मापाचे दोनशे नग, अशा कामात सगळी मांडणी दर आठवड्याला बदलावी लागते.

कुंपण काढून टाकता येईल का, हा प्रश्न नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या प्राध्यापकांनी १९९६च्या सुमारास हाती घेतला. मोटारीच्या जोडणीत कामगारांना जड भाग उचलून अचूक जागी बसवावे लागत, त्यात पाठी आणि खांदे जात. त्यांनी केलेली युक्ती आजही विचार करण्यासारखी आहे. बोरघाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. ती नुसती ढकलतात, दिशा रुळांनी ठरलेली असते. या दोघांच्या पहिल्या कोबॉटमध्ये ढकलणारा होता माणूस आणि रुळांचं काम करी यंत्र. स्वतःच्या जोरानं ते जागचं हलत नसे. माणसानं भाग ढकलायचा, यंत्रानं तो योग्य वाटेबाहेर जाऊ द्यायचा नाही. स्वतःहून धडक द्यायची ताकदच नसल्यामुळे ते सुरक्षित होतं.

आजचे कोबॉट स्वतःच्या मोटारींवर चालतात, पण ‘ताकद मुद्दाम कमी’ हे तत्त्व टिकून आहे. त्यांना बाजारात आणलं डेन्मार्कच्या ओडेन्से शहरातल्या ‘युनिव्हर्सल रोबोट्स’ या कंपनीनं. २००५ साली ती स्थापन झाली, २००८च्या डिसेंबरमध्ये तिचा पहिला कोबॉट विकला गेला. त्या यूआर-५ या हाताचं वजन अवघं १८.४ किलो, पोहोच ८५ सेंटिमीटर, आणि उचलण्याची क्षमता पाच किलो. पाच किलोंत हाताला लावलेल्या पकडीचं वजनही धरायचं असतं. पकड दीड किलोची असेल तर जॉबसाठी साडेतीन किलोच उरतात. हा हिशेब न करता कोबॉट घेतला, तर पस्तावण्याची वेळ येते.

हात माणसाला लागताच थांबतो कसा? प्रत्येक सांध्यात मोटार असते. हाताचं वजन, जॉबचं वजन, वेग आणि सांध्यांचे कोन धरून त्या क्षणी प्रत्येक मोटारीला किती जोर लागायला हवा, हे नियंत्रक सतत मोजत राहतो. मोटार प्रत्यक्षात किती करंट घेते आहे, तेही त्याला दिसतं. दोन्ही आकडे जुळेनासे झाले की वाटेत काहीतरी आडवं आलं असा अर्थ होतो आणि हात थांबतो. काही कंपन्या याऐवजी प्रत्येक सांध्यात पीळ मोजणारा स्वतंत्र संवेदक बसवतात; ते अधिक संवेदनशील आणि अधिक महाग. या गणितामुळे एक साधी गोष्ट फार महत्त्वाची ठरते: जॉबचं वजन यंत्रात बरोबर भरलेलं असलं पाहिजे. ते चुकलं की हात विनाकारण थांबू लागतो, किंवा हातानं फिरवायला मोकळा सोडला की आपोआप खाली-वर सरकतो.

किती जोराचा स्पर्श चालेल, हेही कोणाच्या अंदाजावर सोडलेलं नाही. २०१६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १५०६६ क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज काढला. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी हळूहळू दाब वाढवत, दुखायला सुरुवात केव्हा होते याची मोजणी झाली होती. त्या आधारानं शरीराच्या भागांचा तक्ता तयार झाला. माणसाच्या हाताचा पंजा आणि बोटं यंत्र आणि टेबल यांच्यात दाबली गेली तर मर्यादा १४० न्यूटन, म्हणजे साधारण १४ किलोंच्या वजनाइतका भार. चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन. मोकळ्या जागी क्षणभर धक्का लागला आणि माणसाला मागे सरकता आलं, तर बहुतेक भागांना याच्या दुप्पट चालतं. पण डोकं आणि चेहरा यांना असा धक्का अजिबात लागता कामा नये. औद्योगिक यंत्राच्या नियमात माणसाच्या दुखण्याला असं आकड्यांत स्थान मिळालं, हे मला फार मोठं पाऊल वाटतं.

इथे खोपोलीच्या वर्कशॉपसाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट येते. कोबॉट सुरक्षित आहे म्हणून काम सुरक्षित होत नाही. याच पट्ट्यात तयार होणारा शीत-लाटीव पत्रा घ्या. तो कापला की कडेला बर राहते आणि ती सुरीसारखी लागते. असा तुकडा पकडीत धरलेला हात १४० न्यूटनपेक्षा कितीतरी कमी जोरानं तुमच्या बोटांना लागला तरी कापू शकतो. तेव्हा जोराचा तक्ता पुरत नाही. पकडीला आवरण लागतं, किंवा माणूस जवळ आला की हात थांबेल अशी लेझरची पाळत लागते. त्या पाळतीचं अंतर ठरवताना माणूस सेकंदाला १.६ मीटर वेगानं चालत येतो असं धरतात. हे सगळं काम पाहून, मोजून, कागदावर आणायचं असतं. कोबॉट विकणाऱ्यानं ‘याला कुंपण लागत नाही’ एवढंच सांगितलं तर ते अर्धवट सांगणं आहे.

घाट चढून पलीकडे गेलं की या विषयातलं महाराष्ट्राचं मोठं उदाहरण भेटतं. बजाज ऑटोनं २०१०मध्ये आपल्या कारखान्यांत कोबॉट आणले; भारतात ते पहिलेच. पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. नट-बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळणं, यंत्रांत जॉब घालणं-काढणं, जोडणीच्या रांगेत भाग पुढे देणं अशी कामं त्यांच्याकडे गेली. चाकणच्या कारखान्यात जोडणीच्या रांगांवर स्त्रियांची संख्या मोठी होती आणि यातले बरेच कोबॉट त्यांच्याच हाताखाली आले. शंभर बोल्ट आवळल्यावर मनगट भरून येतं आणि एकशे एकावा बोल्ट सैल राहू शकतो. जोर यंत्रानं लावायचा आणि कोणता बोल्ट, कोणत्या क्रमानं, भाग नीट बसला का, हे माणसानं पाहायचं, अशी वाटणी झाली की ज्या कामांसाठी ‘ताकदीचा माणूस’ हवा असं म्हणत बायकांना दूर ठेवलं जाई, ती कामं त्यांच्यासाठी उघडी होतात. आपल्या गावांतून कंपनीच्या बसनं कामाला जाणाऱ्या मुलींच्या दृष्टीनं हे लहानसहान नाही.

लहान उद्योगांसाठी पुण्याहून आणखी एक प्रयत्न झाला होता. टाटा समूहातल्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्यूशन्सनं ‘टाल ब्राबो’ हा भारतात घडवलेला रोबो २०१६मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडला. दोन आणि दहा किलो उचलणारे दोन प्रकार, किंमत पाच ते सात लाखांच्या घरात. तो नेमक्या अर्थानं कोबॉट नव्हता, पण लहान वर्कशॉपच्या मालकाला परवडेल अशा किमतीत यंत्रहात इथेच बनू शकतो, हे त्यानं दाखवून दिलं. जगात २०२३ साली सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबो बसवले गेले. त्यांत साधारण दहावा हिस्सा कोबॉटचा. भारतात त्या वर्षी बसवलेले सगळे रोबो मिळून ८,५१०. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा अजून लहानच आहे.

खालापूरकडे येणाऱ्या कामाचं स्वरूपही बदलतं आहे. गोदरेज एरोस्पेसनं २०२३मध्ये खालापूरला २५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली. विमानाच्या भागांत नग थोडे, प्रकार पुष्कळ आणि तपासणी काटेकोर. अशी कामं आजूबाजूच्या पुरवठादारांकडे आली की तिथे कुंपणातल्या राक्षसी रोबोपेक्षा सकाळी एका मशीनवर आणि दुपारी दुसऱ्यावर लावता येणारा हात उपयोगी. वीज गेली की चांगल्या कोबॉटच्या सांध्यांतले ब्रेक लागतात आणि हात आहे तिथेच उभा राहतो. पावसाळ्यात वीज ये-जा करते त्या भागात ही सोय मोलाची.

आता ह्यूमनॉइडकडे वळू. त्यामागचा विचार चुकीचा नाही. कारखान्याचे जिने, दारं, ट्रॉल्यांची उंची, हत्यारांच्या मुठी, सगळं माणसाच्या मापाचं आहे. मग माणसाच्या आकाराचं यंत्र केलं तर कारखाना बदलावा लागणार नाही. जपानच्या वासेदा विद्यापीठानं १९७३मध्ये ‘वाबोट-१’ चालवून दाखवला, होंडानं २००० साली ‘असिमो’ आणला. २०२४मध्ये अमेरिकेत ‘डिजिट’ नावाचा दोन पायांचा रोबो जॉर्जियातल्या एका गोदामात खोकी वाहू लागला आणि ‘फिगर’ कंपनीच्या ह्यूमनॉइडनं बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात पत्र्याचे भाग फिक्स्चरमध्ये ठेवून पाहिले. चीनमधल्या कंपन्या त्यांहून स्वस्त यंत्रं काढत आहेत.

पण दोन पायांवर उभं राहणं हेच एक अखंड काम आहे. टेबलावरच्या कोबॉटचं लाल बटण दाबलं की तो गोठतो. दोन पायांच्या यंत्राचं तसंच बटण दाबून वीज तोडली की ते कोसळतं, आणि शेजारी माणूस असेल तर पन्नास-साठ किलोंचं धूड त्याच्या अंगावर येऊ शकतं. थांबणं म्हणजे सुरक्षित, हा यंत्रसुरक्षेचा जुना पाया इथे उपयोगी पडत नाही. म्हणूनच तोल सांभाळत उभ्या राहणाऱ्या रोबोंसाठी आयएसओला वेगळं मानक हाती घ्यावं लागलं. शिवाय बॅटरी: आजच्या अनेक ह्यूमनॉइडची एका चार्जवर दोन तासांच्या आसपास दमछाक होते, आपली शिफ्ट आठ तासांची. आणि बोटं. सांदीत अडकलेला वायसर नखानं सोडवणं, पत्र्याखालची बर स्पर्शानं ओळखणं, हे नवशिका हेल्पर महिनाभरात शिकतो. यंत्राच्या बोटांना ते अजून जमलेलं नाही.

इथल्या बहुतेक वर्कशॉपची जमीन सपाट काँक्रीटची आहे. तिथे पायांचं काम चाकं भागवतात. पाय खरे उपयोगी पडतील ते पाताळगंगेच्या बाजूच्या रसायन कारखान्यांत, जिथे अनेक मजल्यांच्या लोखंडी सांगाड्यांवर शिड्या चढून व्हॉल्व्ह फिरवावे लागतात, गेज वाचावे लागतात. वायू गळतीच्या वेळी माणसाऐवजी यंत्र वर गेलं तर कोणाला नको आहे? पण ज्वालाग्राही वाफा असलेल्या जागी साधा दिवासुद्धा फ्लेमप्रूफ असावा लागतो. डझनावारी मोटारी आणि लिथियमची मोठी बॅटरी घेऊन फिरणारं यंत्र तशा जागी नेण्याआधी त्यालाही त्याच कसोटीतून जावं लागेल. पोलादाच्या भट्टीजवळची गोष्ट आणखी वेगळी. तिथे लालबुंद धातू उचलायला दांडगी, केबिनमध्ये बसून चालवायची यंत्रंच लागतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जाड काचेपलीकडचे किरणोत्सारी पदार्थ हाताळायला दूरचालित हात बनवले गेले, त्यामागे हाच विचार आहे: धोक्यात हात यंत्राचा, निर्णय माणसाचा.

माणसाच्या जवळ जाण्यासाठी माणसासारखं दिसावं लागत नाही, याचा एक हृद्य पुरावा गोव्यात आहे. फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याच्या एका रोजंदारी कामगारानं आपल्या दिव्यांग मुलीला भरवण्यासाठी रोबो तयार केला. तिला हात उचलता येत नाहीत, आईला आजारपणामुळे भरवणं जमेना. काय हवं ते मुलीनं बोलून सांगायचं आणि यंत्रानं ताटातला घास तिच्या तोंडाजवळ न्यायचा. २०२२मध्ये हे काम सर्वांसमोर आलं, गोवा राज्य नवोन्मेष परिषदेनं त्याला साथ दिली. त्याला चेहरा नाही, पाय नाहीत. पण ज्या चेहऱ्यासाठी आयएसओच्या तक्त्यात सगळ्यांत कडक मर्यादा आहे, त्या चेहऱ्यापाशी ते अलगद पोहोचतं. दिवसभर राबून घरी आलेल्या त्या बापाचा मला विलक्षण आदर वाटतो.

वर्कशॉपमधला कोबॉटही असाच एखाद्या गरज ओळखणाऱ्या माणसाकडून शिकतो. हाताचं बटण दाबून धरलं की तो मोकळा होतो. त्याला धरून ट्रेपर्यंत न्यायचं, जागा नोंदवायची, चकपर्यंत न्यायचं, पुन्हा नोंदवायची, मधला वेग आणि वळणं टीच पेंडंट या हातात धरायच्या नियंत्रकाच्या पडद्यावर ठरवायची. हे प्राथमिक शिक्षण काही दिवसांत होतं, त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लागतं ते मशीनवर उभं राहून आलेलं ज्ञान. चकमध्ये एक चिप राहिली तर जॉब तिरका बसतो, म्हणून आधी हवा मारायची. कास्टिंगच्या शिवणीच्या बाजूनं पकडलं तर निसटतं. तिसऱ्या शिफ्टला कूलंट थंड असतो तेव्हा माप किंचित सरकतं. हे ऑपरेटरला ठाऊक असतं, आणि प्रोग्रॅम बाहेरच्या माणसानं केला तर त्यात यातलं काहीच उतरत नाही. मग रिजेक्शन वाढतं आणि मालक म्हणतो, रोबो कामाचा नाही.

आयटीआयच्या केंद्रीय अभ्यासक्रमात आता औद्योगिक रोबो आणि डिजिटल उत्पादन यांचा स्वतंत्र ट्रेड आहे. कर्जत-खालापूरच्या मुलामुलींनी तो अवश्य घ्यावा. पण जे आज चकसमोर उभे आहेत, त्यांतले बरेच ठेकेदाराकडचे, त्यांचं काय? कोबॉट आल्यावर पहिली गदा त्यांच्यावर येते, कारण त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणणं सोपं असतं. आणि काम सगळ्यांत जास्त ठाऊक असतं तेही त्यांनाच.

जिथे युनियन आहे तिथे व्यवस्थापनाशी ठरावीक वर्षांनी वेतनकरार होतो. भत्ते, बोनस, उत्पादनाचा आकडा यांवर रात्र-रात्र बैठका चालतात. पुढच्या करारात एक कलम मागून घ्यायला हवं: ज्या स्टेशनवर कोबॉट येईल, तिथे काम करणाऱ्यालाच आधी प्रशिक्षण, मग तो कंपनीच्या हजेरीवर असो की ठेकेदाराच्या, प्रोग्रॅम बदलता येऊ लागला की वरची ग्रेड आणि तिचा पगार, आणि त्या जागेचे धोके तपासणाऱ्या सुरक्षा समितीत त्याच स्टेशनवरचा ऑपरेटर सभासद. कोबॉटची पकड किती किलोंची हे पुरवठादार सांगेल. कापलेल्या पत्र्याची कोणती कड लागते, हे त्या समितीत दुसरा कोणी सांगू शकणार नाही.